वाचकांचे प्रश्न : फोल्डरमधील फाइली तारखेने आणि आकाराने लावताना

या महिन्यात आलेली पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रोग्राम लिहिताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील जुन्या मासिकांची पाने स्कॅन करून आम्ही एका फोल्डरमध्ये साठवली आहेत. सुमारे ४,००० फाइली आहेत. ज्या क्रमाने पाने स्कॅन झाली त्याच क्रमाने त्यांची सूची करावी म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. घरच्या विंडोज संगणकावर यादी नावाप्रमाणे येते, ग्रंथालयातील लिनक्स संगणकावर तिला काही क्रमच दिसत नाही, आणि फाइलींची तारीख विचारली की ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. फाइल तर डोळ्यांसमोर असते. माझे काय चुकते आहे?
— ग्रंथालय कर्मचारी, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली क्रमाची आहे. फोल्डर उघडल्यावर पडद्यावर जो क्रम दिसतो तो फोल्डरचा नसतो, दाखवणाऱ्या खिडकीने तो आपल्या सोयीसाठी लावून दिलेला असतो. प्रोग्राम थेट फाइल व्यवस्थेशी, म्हणजे डिस्कवरील फाइलींची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेशी, बोलतो, त्यामुळे ही सोय त्याच्या वाट्याला येत नाही. ‘ओएस’ मॉड्यूलमधील ‘लिस्टडिर’ ही आज्ञा नावे कोणत्या क्रमाने देईल याची हमी नाही, असे पायथनच्या अधिकृत माहितीतच नमूद आहे. विंडोजची एनटीएफएस व्यवस्था फोल्डरमधील नोंदी मुळातच नावांच्या क्रमाने ठेवते, म्हणून घरच्या संगणकावर यादी लावून आल्यासारखी वाटते. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ व्यवस्था नाव चटकन सापडावे म्हणून प्रत्येक नावापासून एक आकडा काढते आणि नोंदी त्या आकड्याच्या आधाराने देते, त्यामुळे तेथे यादी विस्कटलेली दिसते. दोन्ही संगणक आपापल्या परीने बरोबर आहेत. क्रम लावण्याचे काम आपल्या प्रोग्रामनेच केले पाहिजे.

दुसरी अडचण पत्त्याची आहे. ‘लिस्टडिर’ केवळ नावे देते, फोल्डरचा मार्ग त्यांच्यासोबत देत नाही. ते नुसते नाव आपण तारीख सांगणाऱ्या ‘गेटएमटाइम’कडे सोपवले की पायथन त्या नावाची फाइल प्रोग्राम जेथून चालू आहे त्या फोल्डरमध्ये शोधतो, आणि ती तेथे नसल्यामुळे ‘अशी फाइल नाही’ असे सांगतो. नावाआधी फोल्डरचा मार्ग ‘पाथ.जॉइन’ने जोडला की हा दोष जातो. नवशिक्यांच्या पत्रांत हीच चूक मला सर्वाधिक वेळा दिसते. माझा सल्ला असा की ‘लिस्टडिर’ सोडून ‘पाथलिब’ मॉड्यूलमधील ‘पाथ’ वापरावा, कारण त्याच्या ‘इटरडिर’मधून मिळणारी प्रत्येक नोंद आपला मार्ग बरोबर घेऊनच येते. फाइली फार असतील तर पायथन ३.५ पासून म्हणजे २०१५ पासून उपलब्ध असलेली ‘स्कॅनडिर’ ही आज्ञा अधिक वेगवान ठरते, विशेषतः विंडोजवर, कारण तेथे फोल्डर वाचतानाच आकार आणि तारीख हाती येतात आणि प्रत्येक फाइलकडे पुन्हा चौकशीला जावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष क्रम लावण्याविषयी. ‘सॉर्टेड’ या फंक्शनला यादीबरोबर ‘की’ नावाचे दुसरे एक फंक्शन देता येते, आणि सगळी किमया तेथे आहे. कवायतीच्या तासाला मुलांची उंचीप्रमाणे रांग लावायची असेल तर दोन प्रकारे लावता येते. शेजारच्या दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि उंच कोण ते दर वेळी नव्याने पाहायचे, हा एक प्रकार. प्रत्येकाची उंची एकदाच मोजून त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि मग नुसत्या चिठ्ठ्या पाहून रांग लावायची, हा दुसरा. ‘की’ ही त्या चिठ्ठीसारखी आहे. विस्कटलेल्या ४,००० फाइली लावताना सुमारे ४२,००० तुलना कराव्या लागतात. पहिल्या पद्धतीत तितक्या वेळा दोन-दोन फाइलींना तारीख विचारावी लागेल, तर दुसऱ्या पद्धतीत ४,००० वेळा विचारणे पुरते. पायथनमध्ये ‘की’ २.४ या आवृत्तीबरोबर २००४ मध्ये आली, आणि तुलनेचे फंक्शन देण्याची जुनी पद्धत पायथन ३ मध्ये काढून टाकण्यात आली.

म्हणून प्रोग्रामची मांडणी अशी करावी. ‘इटरडिर’मधून एकेक नोंद घ्यावी, ‘इजफाइल’ने ती खरोखर फाइल आहे, पोट-फोल्डर नाही, याची खात्री करावी, ‘स्टॅट’ म्हणजे फाइलीच्या माहितीची नोंद एकदाच घेऊन त्यातील ‘एसटी एमटाइम’ (बदलाची वेळ), ‘एसटी साइज’ (आकार) आणि फाइलीचे नाव यांची तिघांची जोडणी एका यादीत ठेवावी. मग ती यादी पहिल्या घटकावरून लावली की तारखेचा चढता क्रम मिळतो, दुसऱ्यावरून लावली की आकाराचा. उतरत्या क्रमासाठी ‘रिव्हर्स’ला ‘ट्रू’ ही किंमत द्यावी. दोन पानांची वेळ तंतोतंत सारखी निघाली तर काय, हे आधीच ठरवून ठेवणे हिताचे आहे. ‘की’मधून तारीख आणि नाव अशी जोडी परत केली तर तारीख सारखी असलेल्या फाइली आपोआप नावाने लागतात. तारीख उतरती आणि नाव मात्र चढते हवे असेल तर ‘रिव्हर्स’ न वापरता तारखेच्या आकड्यापुढे वजाचे चिन्ह द्यावे.

प्रश्न : माझा छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय आहे. एका लग्नाचे फोटो दोन कॅमेऱ्यांतून आणि पाहुण्यांच्या फोनमधून गोळा केले आणि ते तारखेने लावायला प्रोग्राम लिहिला. कित्येक फोटो लग्नाच्या चार दिवसांनंतरच्या तारखेचे निघाले, काहींची निर्मितीची तारीख बदलाच्या तारखेनंतरची दिसते, आणि दोन कॅमेऱ्यांचे फोटो तर एकमेकांत भलत्याच जागी जातात. कोणत्या तारखेवर विश्वास ठेवावा?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न या पाचांत सर्वांत कठीण आहे आणि मला सर्वांत महत्त्वाचाही वाटतो, कारण क्रम लावण्याचे फंक्शन निर्दोष असूनही उत्तर साफ चुकू शकते ते येथेच. फाइल व्यवस्था फाइलीच्या पेटीच्या तारखा सांभाळते, पेटीत असलेल्या क्षणाची तारीख तिला ठाऊक नसते.

‘एसटी एमटाइम’ म्हणजे फाइलीतील मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. ती १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेपाचपासून, किती सेकंद लोटले त्या आकड्यात मिळते. क्रम लावायला हा आकडाच वापरावा आणि वाचनीय तारीख फक्त छापण्यापुरती करावी. ‘एसटी सीटाइम’ने मात्र अनेकांची फसगत केली आहे. लिनक्स आणि मॅकवर ती नाव, मालकी, परवानग्या किंवा मजकूर यांपैकी काहीही बदलल्याची वेळ असते, तर विंडोजवर पायथन त्याच नावाखाली फाइलीची निर्मितीची वेळ देत आला आहे. हा गोंधळ दूर व्हावा म्हणून ३.१२ या आवृत्तीत, २०२३ मध्ये, विंडोजसाठी ‘एसटी बर्थटाइम’ हे स्वतंत्र नाव देण्यात आले आणि ‘सीटाइम’चा तो अर्थ कालबाह्य ठरवला गेला.

निर्मितीची तारीख बदलाच्या नंतरची कशी, याचे उत्तर कॉपी करण्यात आहे. विंडोजमध्ये फाइलीची कॉपी केली की बदलाची तारीख जुनीच राहते, पण नवी प्रत ‘निर्माण’ आत्ता झालेली असते. लिनक्सच्या साध्या ‘सीपी’ आज्ञेने तर बदलाची तारीखही आजची होते, ती टिकवायची असेल तर आज्ञेला तसे सांगावे लागते. पायथनमध्ये ‘शटिल’ मॉड्यूलमधील ‘कॉपी’ तारखा टिकवत नाही, ‘कॉपी२’ बदलाची तारीख टिकवते. आपल्या पाहुण्यांचे फोटो चार दिवसांनी फोनमधून उतरवले गेले तेव्हा त्यांच्या पेट्यांवर त्या दिवसाचा शिक्का बसला असणार.

फोटोसाठी विचारावी ती तारीख फोटोच्या पोटात असते. कॅमेरा शटर दाबल्याच्या क्षणाची नोंद एक्झिफ पद्धतीने फाइलीतच लिहितो आणि कितीही वेळा कॉपी केली तरी ती बदलत नाही. पायथनच्या ‘पिलो’ लायब्ररीत ‘गेटएक्झिफ’ने मिळणाऱ्या संचातून ३४६६५ क्रमांकाचा उपसंच ‘गेट आयएफडी’ने घ्यावा आणि त्यातील ३६८६७ क्रमांकाची नोंद वाचावी. उपसंच न घेता वरच्याच संचात शोधले तर ती बहुधा सापडत नाही, आणि फोटोत तारीखच नाही असा चुकीचा समज होतो. नोंद आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशी आणि एकेरी आकड्यांआधी शून्य देऊन लिहिलेली असल्यामुळे तिचे आकड्यात रूपांतर न करताही क्रम बरोबर लागतो.

दोन कॅमेरे एकमेकांत भलत्या जागी जातात याचे कारण त्यांची घड्याळे. एकही घड्याळ खोटे ठरवण्याची गरज नाही, दोहोंतील फरक कळला की पुरे. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधावा. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण यासाठी फार उत्तम, कारण तेव्हा प्रत्येक छायाचित्रकाराचे बोट शटरवर असते. त्या दोन फोटोंच्या वेळांत ७ मिनिटे २० सेकंदांचा फरक निघाला, तर मागे असलेल्या कॅमेऱ्याच्या सर्व वेळांत ‘टाइमडेल्टा’ने तेवढी भर घालावी आणि मगच दोन्ही याद्या एकत्र करून लावाव्यात. कॅमेऱ्याचे नाव त्याच एक्झिफमध्ये असते, त्यामुळे कोणत्या फोटोंत भर घालायची हे प्रोग्रामला ओळखता येते. हे करताना वेळ नोंदीच्या रूपात न ठेवता ‘डेटटाइम’मध्ये बदलून घ्यावी लागेल.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांतून एक्झिफ काढून टाकलेले असते, हेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ते टिकते. पहिल्या प्रकारच्या फाइलींच्या नावात तारीख आणि क्रमांक असतो, पण तो फोटो काढल्याचा दिवस नव्हे, त्या फोनवर व्यवहार झाला तो दिवस. अशा फोटोंना मी अंदाजाने मध्ये घुसवणार नाही. त्यांची यादी वेगळी काढून हाताने लावीन. शक्य असेल तर पाहुण्यांकडून मूळ फाइली पुन्हा मागवणेच चांगले. आणखी एक बारकावा : फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्याच टप्प्याने साठवली जाते. सलग पटापट घेतलेल्या फोटोंत त्यामुळे अनेकांची वेळ सारखी निघते, आणि तेथे कॅमेऱ्याने दिलेला नावातील क्रमांक हा दुसरा निकष म्हणून उपयोगी पडतो.

प्रश्न : हार्ड डिस्क भरत आली म्हणून मोठ्या फाइली शोधण्याचा प्रोग्राम केला. यादीत ९०० केबीची फाइल १२ एमबीच्या फाइलीपेक्षा मोठी ठरते, आणि फोल्डरांचा आकार शून्य दिसतो. — निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : आपण बहुधा आकाराचे आधी ‘९०० केबी’, ‘१२ एमबी’ असे वाचनीय शब्द केले आणि नंतर यादी लावली. शब्द लावताना संगणक डावीकडून एकेक अक्षर पाहतो. पहिलेच अक्षर ९ हे १ पेक्षा मोठे दिसले की त्याचा निर्णय झालेला असतो, पुढे केबी आहे की एमबी हे तो पाहतच नाही. ‘एसटी साइज’ हा बाइटमधील पूर्णांक असतो. त्या पूर्णांकावर क्रम लावावा आणि केबी-एमबी हा पोशाख यादी छापताना सर्वांत शेवटी चढवावा. तो चढवताना विंडोज १,०२४ ने भागते आणि मॅक २००९ पासून १,००० ने, त्यामुळे एकाच फाइलीचे दोन संगणकांवर दोन आकडे दिसले तरी फाइल बदललेली नसते. फाइलीचा आकार आणि तिने डिस्कवर अडवलेली जागा यांतही थोडा फरक असतो. एनटीएफएसमध्ये जागा साधारणपणे ४,०९६ बाइटच्या तुकड्यांनी दिली जाते, म्हणून ५,००० बाइटची फाइल ८,१९२ बाइट अडवते. मोठ्या फाइली शोधताना हा फरक नगण्य आहे.

फोल्डरच्या ‘स्टॅट’मधील आकार ही आतील सामानाची बेरीज नसते. विंडोजवर तो अनेकदा शून्य येतो, लिनक्सवर बहुतेकदा ४,०९६, म्हणजे निव्वळ नोंदवहीची जागा. बेरीज आपणच करायची असते : ‘आरग्लॉब’ने त्या फोल्डरमधील आणि त्याच्या पोटातील सर्व फाइली काढून त्यांचे आकार मिळवावेत, आणि मग फोल्डर त्या बेरजेवर लावावेत.

सगळी डिस्क तपासत असाल तर फाइली लाखांच्या घरात जातील, आणि आपल्याला तर फक्त वरच्या वीस-पंचवीस हव्या आहेत. अशा वेळी ‘हीपक्यू’ मॉड्यूलमधील ‘एनलार्जेस्ट’ वापरावे, ते सगळी यादी न लावता मोठ्यात मोठ्या तेवढ्या निवडून देते. चौकशी चालू असतानाच एखादी तात्पुरती फाइल पुसली जाऊ शकते, किंवा एखाद्या फाइलीला हात लावण्याची परवानगी नसते. म्हणून ‘स्टॅट’ घेण्याची ओळ ‘ट्राय’मध्ये ठेवून तशी फाइल वगळावी, नाहीतर एका फाइलीपायी सगळा प्रोग्राम थांबतो.

आपण मागितलेले नसूनही एक सुचवतो, कारण जागा मोकळी करायला ते फार उपयोगी आहे. आकाराने लावलेल्या यादीत हुबेहूब सारख्या फाइली एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. एकसारखा आकार म्हणजे एकसारखा मजकूर नव्हे, पण आकार वेगळा असेल तर मजकूर निश्चित वेगळा असतो, त्यामुळे तपासायच्या जोड्या मोजक्याच उरतात. त्या ‘फाइलसीएमपी’ मॉड्यूलने तपासताना ‘शॅलो’ला आवर्जून ‘फॉल्स’ ही किंमत द्यावी. ती न दिल्यास आकार आणि बदलाची तारीख जुळताच तो मजकूर न वाचता ‘सारख्या’ असे सांगतो, आणि त्या भरवशावर पुसलेली फाइल परत आणणे कठीण असते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या इतिवृत्तांच्या फाइलींना तारखेचेच नाव आहे, जसे ‘५-१०-२०२३’. काही नावे मराठी आकड्यांत आहेत, काही इंग्रजी आकड्यांत. ती कालक्रमाने लागत नाहीत. — वाचक, पुणे

उत्तर : दिवस आधी लिहिल्यामुळे सर्व महिन्यांच्या आणि सर्व वर्षांच्या ५ तारखा एकत्र येतात, आणि शून्याविना लिहिलेली ५ ही १२ नंतर जाते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि दोन अंकी महिना-दिवस ठेवून ‘२०२३-१०-०५’ असे नाव दिले की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. मराठी आकड्यांनी यात काही बिघडत नाही. युनिकोडमध्ये ० ते ९ हे मराठी आकडे २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर ओळीने बसलेले आहेत. इंग्रजी आकडे मात्र ४८ ते ५७ या क्रमांकांवर असल्यामुळे तशी सगळी नावे आधी आणि मराठी आकड्यांची सगळी नंतर येतात. आनंदाची गोष्ट अशी की पायथनचे ‘इंट’ हे फंक्शन मराठी आकडे जसेच्या तसे समजते. म्हणून नाव आडव्या रेघेपाशी तोडावे, तिन्ही तुकड्यांना ‘इंट’ लावावे आणि ‘की’मधून वर्ष, महिना, दिवस अशी तिघांची जोडणी परत करावी, मग आकडे कोणत्या लिपीतले होते हा प्रश्नच उरत नाही.

नावातील मराठी शब्दांवर क्रम लावणार असाल तर ‘ळ’कडे लक्ष असू द्यावे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडमध्ये ‘ल’ला लागून आहे, आणि पायथन युनिकोडचाच क्रम पाळतो.

प्रश्न : जावामध्ये फाइली ‘लास्टमॉडिफाइड’वर लावताना कधीकधी ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’ असा दोष येऊन प्रोग्राम थांबतो. रोज येत नाही, त्यामुळे पकडता येत नाही. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आपला तुलना करणारा भाग प्रत्येक तुलनेच्या वेळी फाइलीला तारीख नव्याने विचारत आहे, आणि त्या फोल्डरमध्ये कोणीतरी त्याच वेळी लिहीत आहे. एखाद्या लॉग फाइलीची वेळ क्रम लागत असतानाच पुढे सरकली की आधी ‘अ’ हा ‘ब’च्या मागे होता आणि आता पुढे आहे असे होते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली क्रम लावण्याची पद्धत जावाने सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, वस्तूंच्या यादीसाठी घेतली. तिला ही विसंगती आढळली तर ती तसे सांगून थांबते. फोल्डर शांत असेल त्या दिवशी काहीच होत नाही. उपाय कवायतीच्या चिठ्ठीचाच आहे : प्रत्येक फाइलीची तारीख आधी एकदाच वाचून तिच्यासोबत साठवावी आणि क्रम त्या साठवलेल्या आकड्यांवर लावावा.

आकाराने लावतानाही दोन आकारांची वजाबाकी करून ती ‘इंट’मध्ये कोंबली असेल तर ती ओळ काढून ‘लाँग.कम्पेअर’ वापरावे. जावाच्या ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो, दोन फाइलींतील फरक २ जीबीच्या पुढे गेला की उत्तराचे चिन्ह उलटू शकते आणि मोठी फाइल लहान ठरते. लहान फाइलींवर चाचणी केल्यास हा दोष कधीच दिसणार नाही, म्हणून चाचणीच्या फोल्डरमध्ये ३ जीबीचा एखादा व्हिडिओ आणि काही बाइटची मजकूर फाइल शेजारी शेजारी ठेवून पाहावे.